मामा, हे आपल्यावर चालते काय?

वर्षातून एकदा मला हा प्रश्न येतो. साधारण पोळ्याच्या आसपास, म्हणजे चिखलदऱ्याची पावसाळी गर्दी ओसरायला लागली की. ताईची तिथे छोटी खानावळ आहे. जुलै-ऑगस्टच्या शनिवार-रविवारी धुक्यात गारठलेले पर्यटक गरम भजे आणि पिठलं-भाकर खायला येतात आणि भाचा कॉलेज सांभाळून वाढपाचं काम करतो. त्यातून त्याच्या वाट्याला जे काही येतं, त्यातून तो वर्षाला एक कॉम्प्युटर गेम घेतो. एकच. आणि विकत घेतो. (हे मुद्दाम लिहितोय. आपल्या नातेवाइकांपैकी बरेच जण इथे येऊन वाचून जातात, आणि 'पोरगं दिवसभर फुकटच्या गेमा खेळते' अशी एक अफवा खानदानात फिरते आहे. तर ती खरी नाही.)

आता तुम्ही म्हणाल, एक गेम घ्यायचा तर त्यात एवढं काय? परीक्षण वाचायचं, सिस्टिम रिक्वायरमेंट्स बघायच्या, पैसे भरायचे, झालं. पुण्या-मुंबईत होतही असेल. चिखलदऱ्यात मामला वेगळा आहे. हल्लीचा मोठा गेम साठ-सत्तर जीबीपासून सुरू होतो. मोबाइलच्या पॅकवर दिवसाला दोन जीबी मिळतात. साठ भागिले दोन, म्हणजे महिना झाला, आणि तोही घरातल्या दुसऱ्या कोणी त्या डेटाला हात लावला नाही तर! म्हणून भाचा लॅपटॉप दप्तरात घालतो, एसटीने घाट उतरून परतवाड्याला आणि तिथून अमरावतीला माझ्याकडे येतो. रात्रभर माझ्या वायफायवर गेम उतरतो, आणि दुसऱ्या दिवशी तो परत डोंगर चढतो. निवड चुकली तर पैसे जातात, दोन दिवस जातात, एसटीचं भाडं जातं, आणि पुढचा गेम पुढच्या पावसाळ्यात. त्यामुळे त्याच्या प्रश्नाला 'चालते बे, घे' असं उत्तर देऊन मोकळं होता येत नाही.

खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. आमच्या वेळीही तो होताच, फक्त उत्तर शोधायची जागा वेगळी होती. 'डिजिट' मासिक २००१ मध्ये सुरू झालं आणि आमच्यासारख्या गावाकडच्या पोरांची सोय झाली. अंकाबरोबर सीडी यायची, सीडीत गेम्सचे डेमो असायचे. पुढे त्याच घरातून 'स्कोर' नावाचं फक्त गेम्सचं मासिक निघालं. परीक्षणं आम्ही वाचायचो, पण खरा भरवसा डेमोवर. कारण डेमो आपल्याच मशीनवर चालायचा किंवा आपल्याच मशीनवर अडकायचा. लिहिणाऱ्याला काय वाटलं, त्याच्याकडे कुठलं कार्ड होतं, हा प्रश्नच नाही. दोन-चारशे एमबीत गेमचा पहिला टप्पा आणि आपल्या कॉम्प्युटरची लायकी, दोन्ही एका रात्रीत कळायचं :)

आणि लायकी कळणं किती गरजेचं होतं त्याचा एक किस्सा सांगतो. २००२ साली एनव्हीडिया कंपनीने 'जीफोर्स ४ एमएक्स' नावाचं स्वस्त ग्राफिक्स कार्ड आणलं. नावात चार होता, त्यामुळे सगळ्यांना वाटायचं की हे 'जीफोर्स ३'च्या पुढचं. प्रत्यक्षात आतून ते 'जीफोर्स २'च्या कुळातलं होतं. पिक्सेल शेडर, म्हणजे पाणी, सावल्या, उजेड हे सगळं कार्डावर हवं तसं रंगवण्याची सोय, त्यात नव्हतीच. २००३ च्या शेवटी 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' आला. त्याला किमान 'जीफोर्स ३' लागायचं, आणि 'जीफोर्स ४ एमएक्स' चालणार नाही असं वेगळं लिहावं लागलं होतं. म्हणजे तीन चालतो, चार चालत नाही! गंमत अशी की वर्षभराने, नोव्हेंबर २००४ मध्ये आलेला 'हाफ-लाइफ २' दिसायला कितीतरी भारी, पण तो त्याच एमएक्सवर चालायचा. कारण तो बनवणाऱ्यांनी जुन्या कार्डांसाठी वेगळी वाट ठेवली होती. मात्र त्याला दुसरीच एक गोष्ट लागायची: इंटरनेट. सीडी विकत आणली तरी एकदा नेटला जोडून गेम चालू करून घ्यावा लागायचा. डायलअपच्या जमान्यात ही अट रॅम आणि प्रोसेसरपेक्षा जड होती. खोक्यावरच्या यादीत ती एका ओळीत उरकलेली असायची.

यातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. यादी खोटी नसते, पण ती कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं. 'मिनिमम' म्हणजे गेम सुरू होईल. तो सुखाने खेळता येईल असं कुठेही लिहिलेलं नसतं. अलीकडे काही कंपन्या नीट तक्ता देतात, की एवढ्या रिझोल्यूशनला, एवढ्या सेटिंगवर, सेकंदाला तीस किंवा साठ फ्रेम मिळतील. असा तक्ता दिसला की मला बरं वाटतं. नुसती 'मिनिमम' आणि 'रेकमेंडेड' अशी दोन खाती असतील तर त्यातल्या 'मिनिमम'वर मी एक रुपया लावत नाही.

आमच्या वऱ्हाडात हे शहाणपण काही नवीन नाही. आमचे आबा कपाशीचं बियाणं घ्यायला जायचे तेव्हा दुकानात बोंडांनी लगडलेल्या झाडांची पोस्टरं लावलेली असायची. आबा तिकडे बघायचेही नाहीत. 'अमक्याले एकरी इतकं झालं' असं कोणी म्हटलं की त्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला: "वावर कोनाचं? ओलिताचं का कोरडवाहू?" विहिरीचं पाणी असलेल्या काळ्या कसदार जमिनीतलं पीक आणि आमच्या पावसावरच्या मुरमाड तुकड्यातलं पीक एका तागडीत तोलायचं नाही. सांगणारा खोटं बोलतो असं आबांचं म्हणणं नसायचं. तो त्याच्या वावरातलं खरं सांगतो, एवढंच.

गेमच्या परीक्षणाला हाच प्रश्न विचारायचा. वावर कोणाचं?

भाच्याचा लॅपटॉप घेतानाच हे नीट कळलं. अमरावतीतल्या एका दुकानात विक्रेत्याने ठोकून सांगितलं, "आरटीएक्स ३०५० आहे सर, सगळे गेम चालतात." आता लॅपटॉपमधलं '३०५०' हे एकच एक कार्ड नाही. तेच नाव, पण लॅपटॉप बनवणारी कंपनी त्याला ३५ वॅटपासून ८० वॅटपर्यंत कितीही वीज देऊ शकते. पातळ, हलक्या लॅपटॉपमध्ये ते उपाशी बैल असतं, जाडजूड लॅपटॉपमध्ये पोटभर खाल्लेलं. नाव सारखं म्हणून औत सारखं चालेल असं नाही. वीस वर्षं झाली, 'जीफोर्स ४ एमएक्स'ची जात काही संपली नाही. 'तुमच्या मशीनवर हा गेम चालेल का' हे तपासून देणाऱ्या साइट्स आहेत, त्याही नावं आणि आकडेच ताडून बघतात. उपाशी की पोटभर, हे त्यांना कळत नाही. आम्ही शेवटी ज्या मॉडेलची वॅट स्पष्ट लिहिलेली सापडली तेच घेतलं.

मग येते रॅम. आपल्याकडे बरेच लॅपटॉप आठ जीबीची एकच पट्टी घालून विकतात. यादीत 'आठ जीबी' लिहिलंय, आपल्याकडे आठ जीबी आहे, हिशोब जुळला असं वाटतं. पण एका पट्टीत एकच रस्ता असतो. दोन पट्ट्या लावल्या की दोन रस्ते होतात. ज्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आहे, त्यांना याचा फरक फार जाणवतो. कारण ते ग्राफिक्स चित्रांसाठीही हीच रॅम वापरतं, आणि अरुंद रस्त्यावर दोघांची गर्दी होते.

आणि हवामान! हे तर कुठल्याच यादीत नसतं. परीक्षण करणाऱ्याचं मशीन एसी खोलीत बसलेलं असतं. मे महिन्यात अमरावतीचा पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि लॅपटॉप गरम झाला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. तोच लॅपटॉप अकराशे मीटरवरच्या चिखलदऱ्यात नेला की त्यातल्या त्यात निवांत चालतो. म्हणजे एका बाबतीत डोंगरावरचा गेमर माझ्यापेक्षा सुखी. पण देव एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने नेतो. पावसाळ्यात झाड पडलं, वीज कडाडली की लाइट जातो. लॅपटॉप बॅटरीवर आला की ग्राफिक्स कार्डला पूर्ण वीज मिळत नाही, आणि सुरळीत चाललेला गेम मुंगीच्या पावलाने चालायला लागतो. 'बॅटरीवर किती चालतो' ही आमच्या दृष्टीने सिस्टिम रिक्वायरमेंटच आहे. ती छापणारी कंपनी अजून जन्माला यायची आहे.

आता परीक्षणांकडे येऊ. त्यांचा इतिहास बघितला तर भाबडेपणाने विश्वास ठेवावा असा नाही, आणि सगळे विकलेले आहेत असं म्हणावं असाही नाही. २००७ च्या नोव्हेंबरात गेमस्पॉट या नावाजलेल्या साइटवरच्या जेफ गर्स्टमन या समीक्षकाने 'केन अँड लिंच' या गेमला दहापैकी सहा गुण दिले. त्या वेळी साइटवर त्याच गेमच्या मोठाल्या जाहिराती झळकत होत्या. थोड्याच दिवसांत त्याची नोकरी गेली. कशामुळे, हे तेव्हा उघडपणे कोणी बोललं नाही. २०१२ मध्ये त्याने स्वतःच जाहिरातदारांचा दबाव आणि वरच्यांची घाबरगुंडी याबद्दल सांगितलं. या प्रकरणात मला समीक्षकाबद्दल आदरच वाटला. त्याने सहा म्हणजे सहाच दिले. अडचण त्याच्या प्रामाणिकपणाची नव्हती. त्याचं पोट ज्यावर चालत होतं ती जाहिरात आणि त्याचा लेख एकाच पानावर होते, ही अडचण होती.

दुसरा प्रकार जास्त नेहमीचा आणि जास्त फसवा. त्यात कोणी खोटं बोलत नाही, फक्त वावर दुसरं असतं. २०१५ साली 'बॅटमॅन: आर्कम नाइट' आला. आधी आलेली परीक्षणं बहुतेक प्लेस्टेशनवर खेळून लिहिलेली, आणि उत्तम. २३ जूनला गेम विक्रीला आला आणि पीसीवाल्यांची रडारड सुरू झाली. गेम अडखळत होता, तीस फ्रेमच्या वर जात नव्हता. दुसऱ्याच दिवशी कंपनीने पीसीवरची विक्री थांबवली, ती पुन्हा सुरू झाली २८ ऑक्टोबरला. २०२० च्या डिसेंबरात 'सायबरपंक २०७७'चं अगदी उलटं झालं. आधी परीक्षणासाठी दिल्या त्या पीसीच्या प्रती. परीक्षणं चांगली आली. मग जुन्या प्लेस्टेशन ४ वर लोकांनी गेम लावला तर तो धड चालेना, आणि आठवडाभरात सोनीने आपल्या दुकानातून तो काढून टाकला. पुढे तो बराच सुधारला हेही खरं, पण २०२३ मधल्या मोठ्या अपडेटबरोबर त्याच्या अटीही वाढल्या. साध्या हार्ड डिस्कवर चालण्याची हमी गेली, एसएसडी हवी झाली. म्हणजे विकत घेतलेल्या गेमची यादीसुद्धा घेतल्यानंतर बदलू शकते! गेमचं सोडा, ज्या दुकानातून घेतो त्या स्टीमनेच २०२४ च्या पहिल्या दिवसापासून विंडोज ७ आणि ८ ला रामराम ठोकला.

मग सामान्य खेळणाऱ्यांची मतं? स्टीमवर ती ढिगाने असतात, आणि मला ती आवडतात, कारण प्रत्येकाच्या नावाखाली तो किती तास खेळला ते लिहिलेलं असतं. चाळीस तास खेळून शिव्या घालणारा आणि दहा मिनिटांत शिव्या घालणारा यांच्यात फरक करता येतो. आमच्यासाठी दहा मिनिटंवालाही कामाचा असतो बरं का. कारण बहुतेक वेळा त्याचा गेम सुरूच झालेला नसतो, आणि तो का सुरू झाला नाही हेच आम्हाला हवं असतं. २०१६ पासून बाहेरून मिळालेल्या कीवर गेम घेतलेल्यांची मतं स्टीमच्या एकूण गुणांत धरली जात नाहीत, त्यामुळे फुकट प्रती वाटून गुण फुगवण्याची एक वाट बंद झाली. तरी मी एकूण गुणांकडे कमीच बघतो. आम्ही शोधतो आमच्यासारखं वावर: तेच कार्ड, तेवढीच रॅम, लॅपटॉप, आणि गेल्या महिन्याभरातलं मत. असा एक माणूस सापडला की तो दहा नामांकित समीक्षकांना भारी.

मग नामांकित समीक्षक काहीच कामाचे नाहीत का? आहेत की. दोन वर्षांपूर्वी भाच्याने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' घेतला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० मध्ये आलेला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या भावाला शोधायला निघते, दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगतात, मधेमधे बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ येतो. परदेशी परीक्षणांत चित्रांचं आणि गोष्टीचं कौतुक होतं, आणि दोन तक्रारी: मारामारी थोडी ठोकळेबाज, आणि गेम लवकर संपतो. मारामारीची तक्रार भाच्यालाही पटली, म्हणजे समीक्षकाने बरोबर सांगितलं होतं. पण 'लवकर संपतो' ही त्याच्यासाठी तक्रारच नव्हती. लहान गेम म्हणजे कमी डाउनलोड! आणि दुर्गा कोण, असुर कोण हे त्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. भीमाने कीचकाला मारून जिथे टाकलं असं सांगतात ते भीमकुंड त्याच्या घराजवळच आहे. तिथल्या पोराला देव-असुरांची लढाई गेममध्ये बघून काय वाटतं, हे कुठल्याच परीक्षणात सापडलं नसतं. ते त्याने मला फोनवर सांगितलं, बराच वेळ.

तर आमची पद्धत आता अशी झाली आहे. समीक्षकाकडून गेम कसा आहे ते ऐकायचं. चालेल की नाही हे त्याला विचारायचं नाही. ते आपल्यासारख्या मशीनवाल्याला विचारायचं. गेम आला त्या आठवड्यात घ्यायचा नाही. आपण तसेही वर्षातून एकदा घेणारे, सहा महिने थांबलो तर बिघडत काही नाही, उलट दुरुस्त्या होतात आणि किंमत उतरते. डेमो असेल तर आधी डेमो. २०२१ पासून स्टीमचा 'नेक्स्ट फेस्ट' सुरू झाला आणि डेमोंना पुन्हा चांगले दिवस आले, याचा मला फार आनंद आहे. आणि शेवटचं: २०१५ पासून स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. म्हणून भाचा गेम उतरवल्यावर लगेच डोंगर चढत नाही. माझ्या घरीच तासभर खेळून बघतो. चार्जर काढून दहा मिनिटं, चार्जर लावून पन्नास. पैसे परत मिळतात. उतरवलेला डेटा आणि एसटीचं भाडं परत करणारं बटण कुठेच नाही, म्हणून हा तासभर महत्त्वाचा.

या वर्षी त्याला एक मोठा नवा गेम हवा होता. मिनिमम सोळा जीबी रॅम, शंभर जीबी एसएसडी. त्याच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांची मतं आम्ही दोन संध्याकाळी फोनवर बसून वाचली. एकही आशादायक नव्हतं. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. "मामा, या सालीं गेम नाई घेत. रॅमची पट्टी घेतो." मला त्या पोराचा इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! मोह कुणाला सुटतो हो, आणि एकोणिसाव्या वर्षी?

आणखी एक गोष्ट मला परवाच कळली. त्याने एक वही केली आहे. शंभर पानी, वर नाव नाही. आजवर त्याच्या लॅपटॉपवर काय काय चालवून पाहिलं, डेमोसकट, त्याच्या नोंदी. गेमचं नाव, किती जीबी, कोणत्या सेटिंगवर, किती फ्रेम, लॅपटॉप किती तापला, आणि शेवटचा रकाना 'लाइट गेल्यावर'. त्या रकान्यात बहुतेक ठिकाणी 'नाई' असं लिहिलं आहे. परतवाड्याचे त्याचे कॉलेजचे मित्र गेम घेण्याआधी त्या वहीचे फोटो मागवतात. या वहीला जाहिरात नाही, आधी मिळालेली फुकट प्रत नाही, आणि लिहिणाऱ्याने प्रत्येक ओळीसाठी पदरचा वेळ आणि डेटा घातला आहे.

तुमच्यापैकी कोणी आपापल्या मशीनच्या अशा नोंदी ठेवत असाल तर जरूर कळवा. वावर कोणतं, तेवढं आधी लिहा.